तमासगिराचें वर्ष

चैत्र महिना लागला म्हणजे पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील रस्त्यांची झोंप मोडते. शिरूरहून न्हावरें, पारगांव, केडगांव असा दक्षिणेस उतरणारा रस्ता चौफुल्याजवळ पुणें-सोलापूर हमरस्त्यास मिळतो. वाटेंत भीमा ओलांडावी लागते. ती ओलांडली कीं शिरूर तालुका संपून दौंड तालुका लागतो. यात्रांच्या दिवसांत पहांटेच्या सुमारास या रस्त्यानें जाणाऱ्यास एकामागून एक मालमोटारी भेटतात. त्यांत कनातींचे गठ्ठे, रंगमंचाच्या फळ्या, पोशाखांच्या पेट्या भरलेल्या असतात, आणि त्या सामानावरच अंग टाकून निजलेलीं माणसें असतात. एकाद्याच्या कानामागें रात्रीचा रंग अद्यापि राहिलेला असतो. हीं माणसें म्हणजे तमाशाचा फड. एका गांवची यात्रा उरकून तीं दुसऱ्या गांवच्या यात्रेस निघालेलीं असतात.

नट आणि त्याचे चाहते यांची गांठ पडण्याच्या तऱ्हा देशोदेशीं निरनिराळ्या आहेत. अमेरिकेंत ‘स्टार ट्रेक’ नांवाची दूरचित्रवाणीवरील एक मालिका १९६९ सालीं बंद पडली. पुढें १९७२ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें तिच्या चाहत्यांचा मेळावा भरला. चालकांची अपेक्षा कांहीं शें लोकांची होती. जमले मात्र कांहीं हजार. तेव्हांपासून तिकडे अशा मेळाव्यांची एक पेठच उभी राहिली आहे. मालिका संपून वर्षें लोटलीं तरी तिच्यांतले नट शहरोशहरीं जातात, सह्या देतात, लोकांच्या शेजारीं उभे राहून छायाचित्रें काढूं देतात आणि त्याचें मोल घेतात. आपल्याकडे असें कांहीं नाहीं, असें पुण्या-मुंबईच्या घरांतून सहज बोललें जातें. तें पुरतें खरें नाहीं. तिकडे मेळावा नटासाठीं भरतो. इकडे तो देवासाठीं भरतो, आणि नटास त्यांत बोलावून आणतात. गांवचा भैरवनाथ किंवा येमाई हे यजमान आणि नट हा पाहुणा. तमासगिराचा मान, त्याचा पैसा आणि त्याची ददात हीं तिन्ही या एका भेदांतून उगवलीं आहेत.

तमाशा म्हटला कीं शहरी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम चित्रपट येतो. ‘सांगत्ये ऐका’ हा बोलपट १९५९ सालीं निघाला आणि पुण्यांत सव्वाशें आठवड्यांहून अधिक चालला. ‘पिंजरा’ १९७२ चा. ‘नटरंग’ २०१० चा. या चित्रपटांनीं लावणी घरोघर पोंचविली. परंतु बारी कोणती आणि फड कोणता हें त्यांवरून फारच थोड्यांस उमगलें असेल. संगीत बारी ही बैठकीची, मुख्यतः गायनाची आणि नर्तनाची कला. चौफुल्याच्या परिसरांतील कलाकेंद्रें या जातीचीं. तेथें प्रेक्षक स्वतः चालून जातो. ढोलकीचा फड निराळा. त्यांत गण, गौळण, बतावणी होऊन शेवटीं वग येतो, आणि वग म्हणजे एक पुरें नाटकच असतें. राजा, प्रधान, खलपुरुष, फितूर सरदार अशीं पात्रें त्यांत येतात. त्याआधीं गौळणींत मावशी येऊन जाते. आणि या सर्वांवर कुरघोडी करणारा सोंगाड्या असतो. तेव्हां फडांतील माणसास नाचणारा-गाणारा एवढेंच म्हणून भागत नाहीं. तो नट आहे, आणि ज्याच्या पायांस घर ठाऊक नाहीं असा नट आहे.

या भागाचें आणि फडाचें नातें जुनें आहे. जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव हें तर तमाशाचें पंढरपूर म्हणून प्रसिद्धच आहे. शिरूर तालुक्यांत कवठें येमाई हें गांव तसेंच नांवाजलेलें. गंगारामबुवा कवठेकर हे तमासगीर येथले, आणि लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) हेही येथलेच. मोमीन यांनीं लावण्या, गौळणी, वग लिहून फडांस पुरविले. राज्य शासनाचा २०१८ सालचा विठाबाई नारायणगांवकर जीवनगौरव पुरस्कार त्यांस मिळाला. येमाईच्या गांवीं एका मुसलमान कवीनें गणपतीचा गण लिहावा आणि तो गांवोगांवच्या देवळांपुढें म्हटला जावा, याचें त्या मुलुखांत कोणास नवल वाटत नाहीं. तें शहरांतच वाटतें.

आतां तमासगिराच्या वर्षाकडे वळूं. हें वर्ष पाडव्यास सुरू होत नाहीं, दसऱ्यास होतें. आणि त्याची खरी बेगमी त्याही आधीं, पावसाळ्यांत होते. ज्येष्ठ-आषाढांत तुकोबांची पालखी यवत, वरवंड असे मुक्काम करीत याच दौंड तालुक्यांतून पंढरीस जाते. त्या दिवसांत फड बसलेला असतो. गेल्या रात्रींपर्यंत राजाचा जिरेटोप घालणारा मनुष्य आपल्या गांवीं घर शाकारीत असतो, नाहीं तर दुसऱ्याच्या शेतांत रोजानें जात असतो. घरांत पैसा नसतो. आणि मुलांचीं पुस्तकें, एकादें आजारपण, बहिणीचें बाळंतपण हें सर्व नेमकें याच चार महिन्यांत उभें राहतें. मग फडमालकाकडून उचल घ्यावयाची. उचल म्हणजे येत्या हंगामाच्या पगारापोटीं आगाऊ घेतलेली रक्कम. ती हातांत पडली कीं मनुष्य त्या फडाशीं बांधला गेला. हंगामभर ती पगारांतून कापली जाते आणि पुरी फिटली नाहीं तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

कांहीं लोक या चालीस वेठ म्हणतात. तें सर्वस्वीं न्याय्य नाहीं. या माणसास पेढी सहसा कर्ज देत नाहीं, आणि उचलीवांचून त्याचा पावसाळा निघत नाहीं. परंतु उचल घेतलेल्या नटास मध्येंच दुसऱ्या फडांत चांगली भूमिका मिळाली तरी जातां येत नाहीं. जावयाचें तर नव्या मालकानें जुन्याचा हिशेब चुकता केला पाहिजे. म्हणजे नटाची किंमत त्याच्या अंगच्या गुणांइतकीच त्याच्या डोक्यावरील देण्यावरही ठरते. मालकही गबर असतो असें नाहीं. मोठ्या फडांत शंभरावर माणसें असतात: नट, नर्तकी, ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, मोटारी हांकणारे. इतक्यांस उचल द्यावयाची म्हणजे मालकास स्वतः सावकाराचें दार गांठावें लागतें. असा हा देण्याचा साखळदंड आहे. त्याचें एक टोंक नटाच्या चुलीपाशीं असतें आणि दुसरें टोंक चैत्रांतल्या कांहीं रात्रींवर अडकविलेलें असतें.

दसऱ्यास नारळ फुटतो आणि मोठे फड बाहेर पडतात. पौष-माघापर्यंत ते गांवोगांव कनात उभारून तिकिटावर खेळ करतात. हे दिवस कष्टाचे आणि थोड्या मिळकतीचे. थंडी पडलेली असते, लोक कापणीच्या आणि उसाच्या कामांत असतात, आणि एकादी निवडणूक किंवा अवकाळी पाऊस आडवा आला कीं कनात रिकामी राहते. तिकिटाच्या गल्ल्यांतून डिझेल आणि धान्य निघालें तरी मालक समाधान मानतो. लहान फड तर या दिवसांत निघतच नाहींत. ते केवळ यात्रांपुरते उभे राहतात.

पाडव्याच्या सुमारास नारायणगांवांत फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नांवाचा फलक, आंत एक सतरंजी, एक वही आणि हिशेबाचा माणूस. गांवोगांवच्या यात्रा कमिट्यांचे पुढारी येथें येऊन खेळ ठरवितात. यासच सुपारी देणें म्हणतात. गांवकीनें घरटी वर्गणी जमविलेली असते. त्या रकमेंत पालखी, दारूकाम, कुस्त्या आणि तमाशा हें सर्व बसवावयाचें असल्यामुळें घासाघीस पुष्कळ होते. सोंगाड्या कोण, गेल्या वर्षींची गौळण आहे कीं गेली, वग ऐतिहासिक कीं सामाजिक, हें सर्व विचारलें जातें. नट त्या वेळीं तेथें नसतो, पण त्याच्या नांवावर बोली चढते किंवा उतरते.

या बाजाराचें मर्म तिथींत आहे. बहुतेक ग्रामदैवतांच्या यात्रा चैत्र आणि वैशाख या दोन महिन्यांत येतात, आणि त्याही विवक्षित तिथींस. चैत्री पौर्णिमा किंवा वद्य अष्टमी यांसारख्या दिवशीं अनेक गांवांस एकाच रात्रीं तमाशा पाहिजे असतो. फड मात्र एका रात्रीं एकाच गांवीं उभा राहूं शकतो. म्हणून त्या रात्रीची बिदागी मोठी, आणि दोन दिवसांनंतरच्या रिकाम्या रात्रीची जवळजवळ शून्य. देव आपली तिथि बदलीत नाहीं. सबंध वर्षाचें देणें फेडावयाच्या अशा थोड्याच रात्री फडाच्या वांट्यास येतात.

अशा रात्रींपैकीं एकीचा क्रम पाहण्यासारखा आहे. फड दुपारीं गांवांत उतरतो. हमाल पारापुढें किंवा शाळेच्या पटांगणांत रंगमंच जुळवूं लागतात. बायका सांवली पाहून केंस विंचरतात, धुणें वाळत घालतात. सोंगाड्या मात्र स्वस्थ बसत नाहीं. तो चहाच्या दुकानांत जाऊन बसतो आणि कान उघडे ठेवतो. गांवांत सरपंच कोण, पाण्याच्या टाकीचें काम कां अडलें, कोणाचा बैल घाटांत पहिला आला, कोणाच्या विहिरीवरून भाऊबंदकी माजली आहे, हें सर्व तो टिपून घेतो. रात्रीं बतावणींत तेंच बाहेर पडतें. ज्याची थट्टा होते तोच प्रथम हंसतो, कारण आपलें नांव तमाशांत निघालें हा त्याचा मान असतो. परंतु थट्टा कोठें थांबवावी हें सोंगाड्यास कळावें लागतें. भलत्या जागीं बोट ठेवलें तर रंगाचा बेरंग होतो, आणि कधीं कधीं दगडही येतो. एका गांवचा विनोद दुसऱ्या गांवीं चालत नाहीं. म्हणून या नटास यात्रेच्या हंगामांत रोज एक नवी बतावणी रचावी लागते, आणि तीही लिहून ठेवावयास वेळ नसतां. नाट्यगृहांत तेंच नाटक शंभरदां करणाऱ्या नटास या कसबाची कल्पना येणें कठिण आहे.

पालखीचा छबिना देवळांत परतला कीं खेळ उभा राहतो. आवडत्या गाण्यास नोटा येतात. देणाऱ्याचें नांव मोठ्यानें पुकारावें लागतें, आणि तें चुकलें तर रुसवा होतो. स्त्रीकलावंतांस तर हंसतमुखानें बक्षिस घेणें आणि हात दूर ठेवणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं करावी लागतात. पूर्वीं खेळ उजाडेपर्यंत चाले. उजाडल्यावर झोंप घ्यावी तर सकाळच्या हजेऱ्या असतात. हजेरी म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं फडानें गांवापुढें पुन्हां उभें राहून गाणीं आणि विनोद सादर करणें. तेंही सुपारींत धरलेलें असतें. हजेरी झाली कीं कुस्त्यांचा आखाडा सुरू होतो आणि फड सामान बांधूं लागतो. तमासगिराची झोंप ती मोटारींत.

प्रेक्षकांचें प्रेम यांत खोटें नसतें. विठाबाई नारायणगांवकर (१९३५-२००२) यांच्याविषयीं एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. पूर्ण दिवस भरले असतां त्या रंगमंचावर उभ्या होत्या. कळा येऊं लागल्या तेव्हां आंत जाऊन त्या प्रसूत झाल्या, नाळ दगडानें ठेंचून तोडली आणि पुन्हां नाचण्यास बाहेर आल्या. लोकांस तें कळलें तेव्हां त्यांनीं खेळ थांबविण्यास सांगितलें. या बाईंस १९५७ आणि १९९० अशा दोन वेळां राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव लाभला, आणि शेवटच्या आजारांत औषधपाण्यास पैसा कमी पडला. ही हकीकत शौर्याची म्हणून सांगतात. परंतु नऊ महिने भरलेल्या बाईस त्या रात्रीं उभें राहावेंच कां लागलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सुपारी घेतलेली होती आणि तिथि टळणारी नव्हती, एवढें त्याचें उत्तर सुचतें.

गेल्या पंचवीस वर्षांत या रात्रींस आणखी एक कात्री लागली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. त्यांप्रमाणें रात्रीं दहानंतर सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवितां येत नाहीं. वर्षांतील कांहीं थोड्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळूं शकते. नियम अयोग्य आहे असें म्हणतां येणार नाहीं. आजारी माणसास आणि परीक्षेच्या मुलास झोंप पाहिजेच. परंतु त्याचा परिणाम कोठें झाला तो पाहण्यासारखा आहे. पालखी परतावयास नऊ-दहा वाजतात. उरलेल्या वेळांत गण-गौळण कशीबशी होते, लोकांस हवीं तीं गाणीं होतात, आणि वेळेअभावीं गळतो तो वग. म्हणजे फडांतलें नाटकच गळतें. ज्या नटानें दहा वर्षें एकाद्या ऐतिहासिक वगांतील भूमिका घोटली, त्याच्या वांट्यास दोन प्रवेश येतात, कधीं तेही नाहींत. मग गांवकरी म्हणतात, वग नाहींच, तर एवढा मोठा फड कशास? नाचगाण्याचा ऑर्केस्ट्रा स्वस्तांत येतो. हा हिशेब चूक आहे असें त्यांस कोण सांगणार!

या सर्व रचनेंत किती थोड्या आधारावर किती माणसें उभीं आहेत हें २०२० सालीं दिसलें. त्या वर्षीं गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी सुरू झाली ती त्याच दिवशीं. नारायणगांवच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरावयाच्या, त्याच वेळीं सर्व यात्रा रद्द झाल्या. उचल पावसाळ्यांतच देऊन झालेली होती, तिकिटाच्या खेळांचे महिने नेहमींप्रमाणें हातातोंडाशीं गेले होते, आणि ज्या रात्रींवर सर्वांची मदार त्या रात्री आल्याच नाहींत. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलचा. दुसऱ्याच दिवशीं राज्यांत पुन्हां कडक निर्बंध लागले. लागोपाठ दोन चैत्र कोरडे गेले. मालकांनीं गाड्या विकल्या. नट आणि वादक कोणी शेतमजुरीस, कोणी भाजी विकण्यास लागले. त्याच २०२१ च्या मे महिन्यांत ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर संगमनेर येथें करोनानें वारल्या. निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ रोजीं, आणि तोही पाडव्याचाच दिवस होता. राहुट्या पुन्हां लागल्या, यात्रा पुन्हां भरल्या. परंतु दोन वर्षांचें व्याज कोणीं माफ केलें नव्हतें, आणि दुसऱ्या कामास लागलेल्यांपैकीं कित्येक ढोलकीच्या आवाजास परत आले नाहींत.

थकलेल्या कलावंतांसाठीं राज्याची मानधनाची एक योजना आहे. ती १९५४-५५ पासून चालत आलेली असून २०२४ पासून तींत दरमहा ५,००० रुपये मिळतात. पन्नाशी उलटलेल्या आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या कलावंतानें अर्ज करावयाचा, आणि आपण इतकीं वर्षें कलेची सेवा केली याचा पुरावा जोडावयाचा. हा पुरावाच तमासगिरापाशीं नसतो. पगाराची नोंद असते ती मालकाच्या वहींत, आणि फड मोडला कीं वहीही जाते. सुपारीच्या कागदावर मालकाची आणि यात्रा कमिटीची सही असते. राहतें तें यात्रेचें छापील पत्रक. शिरूर-दौंडच्या गांवांतून अशीं पत्रकें देवळाच्या भिंतीस, पारावर, चहाच्या दुकानांत चिकटविलेलीं असतात. कोणी हौशी नट तीं जपूनही ठेवतो. त्यांवर वर देवाचें नांव, मग वर्गणीदारांचीं नांवें, कुस्त्यांचें इनाम, आणि खालीं एका ओळींत फडाचें नांव असतें, तें मालकाचें. ढोलकी कोणीं वाजविली, मावशी कोण झाला, वगांत प्रधान कोण होता, हें त्यावर छापलेलें नसतें.